हत्तिणीची झोप

घाटपिंपळ्याच्या उदारामला गप्प बसवायचं तर एकच उपाय आहे, असं त्याची बायको दुर्पता म्हणते: तोंडात गरम भजं द्यायचं. तोही उपाय भजं गार होईपर्यंतच चालतो.

समुद्र इथून शेकडो कोस दूर. तरी घाटपिंपळ्याची माणसं आपल्या गावाला बिनदिक्कत बंदर म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला जंगल आणि मधोमध वाडवडिलांनी मातीची पाळ घालून अडवलेला हा अफाट तलाव. पलीकडच्या काठावरच्या गावांना धड रस्ता असा नव्हताच. त्यांचा धान, मोहफुलं, तेंदूपत्ता, लाख सगळं डोंग्यात बसून पाणी ओलांडायचं, या घाटावर उतरायचं, चबुतऱ्यावर मापलं जायचं आणि बैलगाड्यांनी रेल्वे स्टेशनाकडे निघायचं. परत जाताना त्याच डोंग्यांतून मीठ, कापड आणि रॉकेल जायचं. डोंगा म्हणजे अख्ख्या एका खोडातून कोरून काढलेली नाव. मग तलावाला वळसा घालून सडक आली, ट्रक आले आणि बंदर बसलं. मागे राहिल्या एक्केचाळीस दगडी पायऱ्या, दोर ओवायला भोकं पाडलेले दगड, मापाचा चबुतरा, देऊळ, थंडीत उतरणारी पाखरं आणि उदाराम. पाखरं निदान उन्हाळ्यात परत जातात.

उदाराम पिढीजात नावाडी, वय अडुसष्ट. रविवारी गोंदिया, बालाघाट, कधी नागपूरहून माणसं आली की तो त्यांना आपल्या फळ्यांच्या नावेत बसवून तलाव दाखवायचा आणि त्याआधी तासभर घाट दाखवायचा. त्याच्याजवळ प्रत्येक पायरीची गोष्ट होती. अकराव्या पायरीवर कोणाचा बैल घसरला, सतराव्या पायरीवर कोणाचं लग्न ठरलं, एकोणतिसावी पायरी का तुटली. एखाद्या पायरीची गोष्ट नसली तर तो ती तिथल्या तिथे तयार करायचा. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

पण एक गोष्ट तो कधीही तिखटमीठ लावून सांगत नसे. ती हत्तिणीची.

हत्तीण म्हणजे त्याच्या आजाचा, चुन्नीलालचा डोंगा. अर्जुनाच्या एका खोडातून काढलेला, वीस हात लांब. घाटावरचे सगळे डोंगे मिळून जेवढा माल आणत, तेवढा ती एकटी आणायची, म्हणून हत्तीण. सडक झाली त्या उन्हाळ्यात चुन्नीलालनं तिला विकली नाही, फोडली नाही, चुलीत घातली नाही. डोंग्याची रीत अशी की काम नसलं तर त्याला पाण्यात निजवायचं. वर उन्हात ठेवला की लाकूड तडकतं, पाण्याखाली चिखलात राहिलं की पिढ्यान्पिढ्या टिकतं. चुन्नीलालनं हत्तीण तलावात नेली, तिच्या पोटात दगड रचले आणि तिला तळाशी निजवलं. सोबत बारा वर्षांचा उदाराम होता. आजानं पाण्यात उभ्या उभ्या त्याला खूण दाखवली: मागच्या टेकडीची खाच आणि देवळाचा कळस एका रेषेत आण, चबुतरा आणि पलीकडचं मोहाचं झाड दुसऱ्या रेषेत आण. दोन्ही रेषा जिथं एकमेकींना कापतील, तिथं हत्तीण. "लागली का जागव तिले," आजा म्हणाला होता.

गेल्या छप्पन वर्षांत ती कोणाला लागली नव्हती आणि आता ती आहे यावर कोणाचा विश्वासही राहिला नव्हता. मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष नंदलाल हा उदारामचा बालमित्र. त्यानं उदारामच्या खुणेवर तीनदा जाळं ओढून पाहिलं. पहिल्यांदा सायकल निघाली, दुसऱ्यांदा एक पितळी गंज, तिसऱ्यांदा उदारामचीच चप्पल. तेव्हापासून घाटावर कोणाचंही काही हरवलं की पोरं म्हणायची, हत्तीण घेऊन गेली असेल. उदाराम त्यांच्याबरोबर हसायचा, पण त्याला ते लागायचं. बाकी हजार गोष्टी त्यानं रंगवल्या होत्या हे त्याला स्वतःला ठाऊक होतं. ही एकच तेवढी निखळ खरी, आणि गावानं नेमकी हीच खोटी ठरवली होती.

चैत्रात त्याची सून रश्मी मोबाइल घेऊन धावत आली. ती घाटाच्या तोंडाशी चहा-भज्यांची टपरी चालवते आणि घरातली लिहिण्यावाचण्याची कामं तिच्याकडेच असतात.

"मामाजी, जिल्ह्याची समिती तलावकाठच्या जुन्या गावांची यादी करून राहिली. आपल्या घाटाचं नाव टाकाचं का? फारम आला आहे."

"टाक ना! इचारून कायले राहिली?"

उदारामनं सांगायचं आणि रश्मीनं टाइप करायचं असं ठरलं. पायऱ्या झाल्या, चबुतरा झाला, देऊळ झालं, पाखरं झाली. 'इतर प्राचीन वस्तू' असा रकाना आला तेव्हा उदाराम म्हणाला, "लिही, एक डोंगा. वीस हात. अर्जुनाचा."

रश्मी थांबली. "मामाजी, पन तो..."

"लिही म्हनतो ना."

"पुढं 'सद्यःस्थिती' इचारते."

"निजला आहे," उदाराम म्हणाला. असा पर्याय फॉर्ममध्ये नव्हता. रश्मीनं त्यातल्या त्यात जवळचा म्हणून 'सुस्थितीत' निवडला.

आठ दिवसांनी उत्तर आलं. समितीचे साहेब येत्या रविवारी येणार होते, आणि पायऱ्या काय, देवळं काय, ती जिल्ह्यात गावोगाव आहेत, वीस हातांचा डोंगा मात्र दुसऱ्या कोणी लिहिला नव्हता. तोच पाहायला येत होते.

संध्याकाळी घाटावर बैठक बसली. नंदलाल आडवळणानं बोलणारा माणूस नव्हे.

"काय गा उदाराम, साहेबाले काय दाखवशीन? सायकल का चप्पल?"

"हत्तीण दाखवीन."

"हे पाय. आजवर तू पाव्हन्यायले गोष्टी सांगतल्या, आमी हासलो, सोडून देल्लं. आता सरकारी कागदावर लिहून बसला. साहेब येईन आनि पानी पाहून वापस जाईन. मंग आपल्या खऱ्या पायऱ्याई खोट्या होतीन. सोसायटी इथं एक बोर्ड लावते. जे खरं आहे तेवढंच त्याच्यावर लिहू."

आता उदारामला बोर्डाचा भारी राग. बोर्ड उभा राहतो, ऊन खातो आणि कोणी काही विचारलं तर तोंडाकडे बघत बसतो. त्याच्या जागी बोर्ड? तो तावातावानं उठला.

"रविवारवरी हत्तीण नाई निंगाली, तं या घाटावर मी तोंड उघडनार नाई. जीव आहे तवरी. लिहून ठेव!"

"लिहून कायले ठेवू? सारा गाव आयकून राहिला," नंदलाल म्हणाला.

घरी आल्यावर उदारामच्या लक्षात आलं की आपण काय पणाला लावलं. नाव गेली असती तर दुसरी करता आली असती. पण घाटावर बोलायचं नाही म्हणजे सकाळी उठायचं तरी कशासाठी? दुर्पतानं त्याच्यापुढे मरळीचा रस्सा वाढला.

या मरळींचंही एक गूढ होतं. दुर्पता रोज फटफटीत उजाडायच्या आत नाव घेऊन निघायची, बांबूचा सापळा लावून यायची, काढून यायची, आणि सूर्य पाळीवर येईस्तोवर टोपलीभर मासे घेऊन घाटावर हजर. सोसायटीच्या जाळ्यांना जेव्हा शेवाळ लागायचं, तेव्हाही हिच्या टोपलीत हातहातभर मरळी असायच्या. गेली तीस वर्षं उदाराम तिला विचारत आला होता, "कोठून आनतं वो एवढ्या मासोऱ्या?" आणि तीस वर्षं ती एकच उत्तर देत आली होती, "नशिबाची गोष्ट आहे." तो फुगायचा, पण रस्सा मात्र पुन्हा मागून घ्यायचा.

बुधवारपासून उदारामनं तलाव पालथा घालायला घेतला. रब्बीच्या धानाला पाणी सुटल्यामुळे तलाव खाली गेला होता, खोल जागीही दीड पुरुषाच्या वर पाणी नव्हतं. टेकडीची खाच आणि कळस एका रेषेत, चबुतरा आणि मोह एका रेषेत, अशी नाव धरून तो लांब बांबू तळाशी खुपसायचा. नुसता चिखल. दोन हात पुढे, पुन्हा चिखल. गुरुवारी तो गळाभर पाण्यात उतरला. शुक्रवारी बांबू कशाला तरी ठणकन लागला आणि त्यानं तिथंच बुडी मारली. निघाली नंदलालनं कधीतरी हरवलेली पाण्याची टाकी. काठावरची पोरं टाळ्या वाजवून दमली.

शनिवारी दुपारी तो घाटावर येऊन बसला. त्याचे हात सोलले होते. दुर्पता चार पायऱ्या वर सापळ्याची काडी बदलत होती. तेवढ्यात एक कुटुंब पायऱ्या उतरून आलं, आईबाप आणि एक चुणचुणीत मुलगी. मुलीनं भोकाच्या दगडाकडे बोट दाखवलं.

"आजोबा, याला भोक कशाला आहे?"

हा दगड म्हणजे उदारामचा लाडका. याची गोष्ट सांगायला त्याला वीस मिनिटं लागायची. वादळाच्या दिवशी एका दोरावर सात डोंगे कसे धरले, दोर पकडणाऱ्याच्या हाताची कातडी कशी निघाली, आणि त्याला शेवटी बायको कशी मिळाली, इथपर्यंत.

उदारामनं दगडाकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं.

"दगड आहे," तो म्हणाला.

मुलगी थोडा वेळ वाट पाहून निघून गेली. वरच्या पायरीवर दुर्पताचे हात थांबले. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती. या माणसाला ताप आला, सोयरिकी मोडल्या, सख्खा भाऊ गेला, तरी त्याचं बोलणं खळलं नव्हतं. ती उठली, सापळा बाजूला ठेवला आणि खाली येऊन नावेचा दोर सोडला.

"चाला," ती म्हणाली.

"कोठी?"

"चाला म्हनलं ना. आनि तो बांबू घ्या."

नाव तिनंच वल्हवली. उदाराम समोर बसून राहिला. त्याच्या खुणेच्या जागेवरून ती सरळ पुढे निघून गेली तेव्हा त्यानं तोंड उघडलं, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून पुन्हा मिटलं. आणखी साठेक हात गेल्यावर, कमळाच्या पानांची रांग जिथं संपते तिथं, तिनं वल्हं आडवं धरून नाव थांबवली.

"टाका."

त्यानं बांबू टाकला. चिखल लागायच्या जागी काहीतरी लागलं. दगडाचा ठणठणाट नव्हता, लोखंडाचाही नव्हता. भरल्या घागरीवर थाप मारावी तसा आवाज बांबूतून वर आला. त्यानं बांबू हातभर सरकवला. पुन्हा तोच आवाज. आणखी पुढे, आणखी पुढे. वीस हात.

उदाराम कपड्यांनिशी पाण्यात उतरला. बुडी मारून वर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर शेवाळ होतं आणि डोळ्यांत पाणी, आणि ते तलावाचं नव्हतं.

"दुर्पते! हत्तीणच आहे! काठ लागला हाताले! तुले... तुले कसं मालूम?"

दुर्पतानं नाव धरून ठेवली होती. ती शांतपणे म्हणाली, "तीस साल झाले. सापळ्याचा दोर अटकला, मी हात घातली. पयले वाटलं झाड पडलं असंन. मंग एक उन्हाळ्यात पानी लय उतरलं, तं काठाले हात फिरवून पायली. गुळगुळीत, कोरलेला. समजली मी."

"आनि मले नाई सांगतलं?"

"सांगतली असती तं काय केले असते तुमी?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. त्याच संध्याकाळी तो टपरीवर, सोसायटीत, बाजारात आणि शेवटी तिरोड्याला जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरलाही सांगून आला असता.

"बुडलेल्या लाकडात मरळ घर करते. हिच्या पोटात सारा गोतावळा आहे," दुर्पता म्हणाली. "याच मासोऱ्यायवर लेकीचं लगन झालं, पोराचं, ओमेसचं, शिक्षन झालं, घरावर स्लॅब पडला. सारा गाव इथं जाळं घेऊन आला असता तं काय राह्यलं असतं?"

"लोकं हासत होते ना वो मले. तीस साल. तुले काई नाई वाटलं?"

"वाटत होतं ना. लय वाटत होतं. पन तुमी हासवून जगत होते, आनि आपलं घर मासोऱ्यायवर जगत होतं. मी म्हनलं, चालू द्या." मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "आज तुमी त्या पोरीले म्हनले, दगड आहे. ते नाई आयकवलं मले."

उदाराम पाण्यात उभा होता. त्याला राग यायला हवा होता आणि तो आलाही, चांगला पोटातून आला. तीस वर्षं, म्हणजे काय थट्टा आहे? त्यानं बायकोला चार शब्द सुनावण्यासाठी श्वास घेतला आणि त्याला आठवल्या त्या तीस वर्षांतल्या रश्श्याच्या वाट्या. हत्तीण तीस वर्षं त्याच्याच ताटात वाढली जात होती आणि तो जेवून हात धुवून तिला शोधायला जात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो जो हसायला लागला, तो नाव हलेपर्यंत हसला.

"पन आजाची खून चुकली कशी?" त्यानं विचारलं.

"खून नाई चुकली. देऊळ कोठी होतं तवा?"

उदारामनं देवळाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. आजाच्या वेळचं देऊळ पुढे सडक रुंद करताना आडवं आलं म्हणून गावानं मागे सरकवून नवं बांधलं होतं. उदाराम तेव्हा पंचविशीचा होता. नव्या देवळाच्या विटा त्यानं स्वतःच्या डोक्यावर वाहिल्या होत्या. देव तोच राहिला, म्हणून कळसही तोच राहिला असं त्याच्या डोक्यात बसलं, आणि तेव्हापासून तो नव्या कळसावरून जुनी रेषा काढत होता. देवानं जागा बदलली हे एकट्या त्यालाच नव्हे, साऱ्या गावाला कधी खटकलं नव्हतं.

"आता बोलवा नंदलालले," दुर्पता म्हणाली. "उद्यापासून माझा सापळा रिकामा. होऊ द्या."

नंदलालला आधी खरं वाटलं नाही. बांबूचा आवाज ऐकल्यावर तो तडक गेला आणि सोसायटीची आठ माणसं, दोन नावा, दोर आणि घमेली घेऊन आला. रीतीप्रमाणे दुर्पता आणि रश्मीनं घाटावरून हळदीचं पाणी तलावात सोडलं, कारण निजलेल्याला न विचारता उठवत नाहीत. मग माणसं बुड्या मारू लागली. चुन्नीलालनं रचलेले दगड एकेक करून वर आले. त्यामागून चिखल आला, आणि चिखलाबरोबर सळसळत पळालेल्या मरळी. दुर्पता त्या जाताना बघत होती. दोन नावा दोन बाजूंनी लावून आडवे बांबू टाकले, खालून दोर घातले आणि हत्तीण सावकाश चिखलातून सुटली. दिवस मावळायच्या आत ती घाटाजवळ आली. शेवटी तिला ओढून धरायची वेळ आली तेव्हा नंदलालनं दोराचं टोक हातात घेऊन इकडेतिकडे पाहिलं.

"त्या भोकातून ओव," उदाराम म्हणाला. "त्याच्यासाठीच आहे ते."

छप्पन वर्षांनी त्या दगडातून पुन्हा दोर गेला.

रविवारी सकाळी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पलीकडच्या जंगलकाठच्या गावांतूनही माणसं आली होती. त्यांत झाडूबुवा मडावी होते, ऐंशी ओलांडलेले, नातवाच्या मोटारसायकलवर बसून आलेले. ते काठीच्या आधारानं शेवटच्या पायरीपर्यंत उतरले, पाण्यात अर्ध्या बुडालेल्या हत्तिणीच्या काठावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"हिच्यात बसून मी लगनाले आलो होतो," ते म्हणाले. "बायको हिच्यातच बसून माझ्या घरी आली. आता नाई राह्यली ती." त्यांनी कमरेच्या फडक्यातून मूठभर मोहफुलं काढली आणि हत्तिणीत वाहिली. मग उदारामकडे वळून म्हणाले, "लोकं म्हनत, तू थापा मारतं. मी म्हनो, मारत असंन, पन ही थाप नोहोय. माझ्यावर कोनी भरोसा नाई ठेवला."

उदारामला काय बोलावं ते सुचलं नाही. हे त्याच्या बाबतीत दोन दिवसांत दुसऱ्यांदा घडत होतं.

समितीचे हेमेंद्र साहेब गोंदियाचे, तरुण, हिंदी-मराठी दोन्ही पायांवर चालणारे. त्यांनी डोंगा मापला, फोटो काढले, पुन्हा मापला. "कमाल है," ते म्हणत राहिले. मग एका टोकाला बोट दाखवून म्हणाले, "काकाजी, फॉर्मवर तर 'सुस्थितीत' लिहिलं होतं. हा कोपरा तर तुटलेला आहे."

"साहेब, तुमी छप्पन साल पान्यात राहून पाहा," उदाराम म्हणाला. "मंग तुमचा कोपरा पाहू."

साहेब हसले. मग त्यांनी सुचवलं की घाटावर एक छान शेड बांधू, काच लावू आणि डोंगा त्यात ठेवू. सगळ्या गावानं एकदम "नाही" म्हटलं. उन्हात आणली की दोन दिवसांत तडकेल, हे घाटपिंपळ्यातलं शेंबडं पोरही सांगू शकत होतं. शेवटी ठरलं की हत्तीण घाटाच्या खालच्या पायऱ्यांशी, सावलीत, कमरेएवढ्या पाण्यातच राहील. उन्हाळ्यात काठ वर दिसेल, पावसाळ्यात ती झाकली जाईल. ज्याला पाहायची असेल त्यानं वाकून पाहावं.

"पण सापडली कशी?" साहेबांनी वही उघडली. "ते नीट सांगा, ते महत्त्वाचं आहे."

सगळ्यांनी बसायला जागा शोधली, कारण आता तासाभराची निश्चिंती होती. वादळ येणार, आजा स्वप्नात येणार, एखादी मगरही येऊ शकत होती. उदाराम चबुतऱ्यावर चढला. त्यानं घसा साफ केला. खाली गर्दीत, रश्मीच्या टपरीच्या कडेला, दुर्पता रिकामी टोपली घेऊन उभी होती.

"मी चुकीच्या जागी पाहून राहिलो होतो," उदाराम म्हणाला. "हिनं दाखवली."

आणि तो खाली उतरला. नंदलाल पुढची पाच मिनिटं वाट पाहत होता की आता उरलेलं सांगेल, पण उरलेलं काही नव्हतं.

यादीत घाटाचं नाव लागलं. सोसायटीनं हौसेनं बोर्डही लावला. उदाराम रोज सकाळी त्याच्यासमोर उभा राहून तो वाचतो आणि यात काय काय राहून गेलं ते पाहुण्यांना सांगतो. पाहुणे आता दुप्पट येतात आणि भोकाच्या दगडाची गोष्ट वीस मिनिटांवरून अर्ध्या तासावर गेली आहे.

दुर्पताचे मात्र वैशाख-जेठ कोरडे गेले. तिचा सापळा रोज शेवाळ घेऊन यायचा. ती कुरकुरली नाही. पण रस्सा बंद झाला आणि तो का बंद झाला हे उदाराम रोज दोन वेळा ताटात पाहत होता.

मृगाच्या आधी एका दुपारी, गाव जेवून आडवं झालं असताना, त्यानं घरामागे पालथा पडलेला आपला जुना, गळका, बापाच्या हातचा डोंगा सुलटा केला. दुर्पतानं दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून तो पाण्यात ढकलला, नावेला बांधला आणि ओढत नेला. कुठं, ते सांगता येणार नाही. त्याच्या पोटात दगड रचले आणि तो तळाशी निजवला. उदारामनं उभं राहून दोन रेषा धरल्या आणि या वेळी कळस मुद्दाम सोडून दिला.

पोळ्याच्या सुमारास दुर्पताची टोपली पुन्हा भरू लागली. एका सकाळी नंदलाल घाटावर आला. त्यानं टोपलीतली हातभर मरळ पाहिली, मग उदारामकडे पाहिलं.

"काय गा, तुझा घरामागचा डोंगा दिसून नाई राहिला?"

उदारामच्या जिभेवर सगळी गोष्ट आली. ती दुपार, ते दगड, दुर्पताचा चिखलानं भरलेला पदर, आणि नव्या दोन रेषा, ज्या त्याला इतक्या सुंदर जमल्या होत्या की कोणाला तरी सांगितल्याशिवाय अन्न गोड लागत नव्हतं. त्यानं तोंड उघडलं. दुर्पता माशांवर पाणी शिंपडत होती, तिनं मान वर केली नाही.

"मोडला, फेकून देल्लो," उदाराम म्हणाला.

"आनि मंग ह्या एवढ्या मासोऱ्या कोठून?"

उदारामनं टपरीवरून एक गरम भजं उचललं, तोंडात टाकलं आणि ते नीट गार होईपर्यंत चावलं.

"नशिबाची गोष्ट आहे," तो म्हणाला.